गोडाचा नकाशा

"आ नकशो तो बहु कामनो छे, बेन."

फार कामाचा नकाशा आहे, असं कुणीतरी म्हणत होतं. मी घडीच्या खुर्च्यांच्या चळतीमागे उभी होते. शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी खुर्च्या मांडण्याचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं, कारण खुर्च्यांशी बोलावं लागत नाही. फटीतून मला एक पांढराशुभ्र शर्ट दिसला, खिशाला अडकवलेलं सोनेरी टोपणाचं पेन दिसलं, आणि पोवळ्याची अंगठी घातलेलं एक बोट दिसलं. बोट भिंतीवरच्या नकाशावर टेकलेलं होतं.

नकाशा शाळेच्या मागच्या गल्लीचा होता. क्लबातल्या मुलांनी काढलेला, चार्टपेपरला चार्टपेपर चिकटवत भिंतभर वाढलेला. त्यात पुष्कळ घरं केशरी होती, काही हिरवी होती, एकच गुलाबी. बोट एका हिरव्या घरावरून उठलं आणि मधली सगळी केशरी घरं ओलांडून पुढच्या हिरव्या घरावर टेकलं. तिथून त्याच्या पुढच्या हिरव्यावर. गल्लीच्या टोकाला, चाळीपाशी, हिरवी घरं ओळीने लागत होती. तिथे बोट जरा रेंगाळलं.

शेजारी मोहितेबाई उभ्या होत्या. त्यांनी आपली मिटलेली छत्री उचलली आणि रेल्वेचं फाटक पडावं तशी त्या बोटाच्या आणि नकाशाच्या मध्ये आडवी धरली.

"हात नका लावू ने, भाई. रंग ओला आहे."

रंग केव्हाच वाळला होता. मोहितेबाईंच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

बाई खरं तर आमच्या शाळेच्या नव्हत्याच. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरातल्या त्या. आजोबा संस्थानच्या घोड्यांच्या पागेत होते, असं त्या सांगत, आणि "म्हणून मला बसवत नाही, घोडा कधी बसतो का?" असं वर जोडत. खरोखरच मी त्यांना खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नाही. खिडकीच्या कठड्याला टेकायच्या, नाहीतर फिरत राहायच्या. त्यांनी सगळी नोकरी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत केली. मग ती शाळा मुलांअभावी बंद पडली. मुलं गेली कुठे, तर सुभानपुऱ्यात आमच्या शाळेसारख्या ज्या इंग्लिश मीडियमच्या शाळा निघत होत्या, तिकडे. दिवसच तसे होते. दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी बंगल्याच्या फाटकावर नवी पाटी लागायची: कॉम्प्युटर, ॲबॅकस, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या. पालक आमच्या प्रिन्सिपल मॅडमना विचारायचे, शाळा सुटल्यावर एक्स्ट्रा काय आहे तुमच्याकडे? कॉम्प्युटर यायला अवकाश होता. एक खोली रिकामी होती आणि मोहितेबाई रिकाम्या होत्या. म्हणून तिसरी-चौथीच्या मुलांसाठी 'सोशल स्टडीज एन्रिचमेंट क्लब' निघाला. एवढं लांब नाव बाईंनी कधी उच्चारलं नाही. त्या त्याला नुसतं 'सोशल' म्हणायच्या.

त्यांना घेताना प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं होतं, "बाई, इंग्लिशचं कसं?"

"येतं ने," बाई म्हणाल्या. "गो अँड सी. देन कम अँड से. सोशलला एवढं पुरतं."

मी त्याच शाळेत शिकून नुकतीच कॉलेजात गेले होते. वडील रिफायनरीत, मूळचे सांगलीकडचे. आमचं घर त्याच मागच्या गल्लीत, कोपऱ्यावर. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, दुकानात गुजराती, आणि तिन्ही भाषांत मी सारखीच गप्प. आईने मला क्लबात मदतीला ढकललं. "तेवढीच तोंडाला सवय होईल," ती म्हणाली. तोंडाला सवय झाली नाही, हातांना झाली. कात्री, गोंद, रंगांच्या बाटल्या, ओली फडकी, हे माझं खातं. बाईंनी पहिल्या आठवड्यातच मला ओळखलं. एकदा रंगाच्या ताटल्या धुताना त्या मागे येऊन म्हणाल्या, "तुझं सी चांगलं आहे, अश्विनी. सगळं बघतेस. से मात्र राहिलंय. हरकत नाही. काही लोकांचं उशिरा येतं, अक्कलदाढेसारखं."

त्यांच्याजवळ ती छत्री कायम असे, उन्हाळ्यातही, घरातही. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. छत्रीच्या टोकाने त्या मैदानातल्या मातीवर नकाशे काढायच्या, छत्रीच्या मुठीने लोकांची दारं ठोठावायच्या. "बोटांनी ठोठावलं की वाटतं उधार मागायला आलेत," असं त्यांचं म्हणणं. खांद्याच्या पिशवीत खाऱ्या शेंगदाण्यांचा, बडोद्याच्या भाषेत खाऱ्या शिंगचा, डबा असे. बघून येऊन नीट सांगणाऱ्याला मूठभर शिंग मिळायची. नुसतं "छान होतं" म्हणणाऱ्याला मिळायची नाही. मुलांना त्या 'साहेब' म्हणत, मुलींनासुद्धा. "बोला साहेब, काय पाहिलंत?" आठ वर्षांची तेजल कंबरेवर हात ठेवून साहेबासारखी बोलायलाही लागायची.

शाबासकी त्यांनी कुणाला दिली नाही. "चालेल. पुढे?" एवढंच.

एकदा एका मुलाने क्लबासाठी थर्माकोलची संसद आणली. खांब, घुमट, आत छोटे बल्ब. बाईंनी ती खिडकीत ठेवली, चहूबाजूंनी पाहिली. "वडिलांनी सुंदर केलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना क्लबात घ्यायचं का? पण मग रोज वेळेवर यावं लागेल त्यांना." मुलगा खो-खो हसला. वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी मॅडमकडे तक्रार केली. बाईंना बोलावणं आलं, बाई गेल्या, परत आल्या आणि शिंगदाणे चघळत मुलांना म्हणाल्या, "चला, आपली संसद गल्लीत भरलीय."

पायाने गेल्याशिवाय काही काढायचं नाही, हा त्यांचा नियम. दुसरा नियम, नकाशात खोटं काढायचं नाही. तुम्हाला आवडत नाही म्हणून उकिरडा गाळायचा नाही. आणि तिसरा नियम नव्हता, ती म्हण होती. मुलं नवा नकाशा पुरा करून नाचायला लागली की त्या हसत म्हणत, "जपून हं साहेब. नकाशा चुगलखोर असतो. आपण विचारलं तेवढंच सांगत नाही."

मुलं हसायची. मीही.

गोडाचा नकाशा सुचला तो पुस्तकातल्या सणांच्या धड्यावरून. धड्यात तीन चित्रं होती: दिवाळीचं, ईदचं, नाताळचं. खाली रिकाम्या जागा भरा. बाईंनी पुस्तक मिटलं. आमच्या गल्लीत सणाला ताटं फिरायची. वर विणलेला रुमाल टाकून घरातलं पोर ताट घेऊन निघायचं. ताट रिकामं परत करायचं नाही, ही सगळ्या घरांची रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. बाईंनी विचारलं, "साहेब, कुणाच्या घरून काय निघतं?"

मग आठवडेच्या आठवडे मुलं दारोदार गेली. नावं लिहायची नाहीत, हे बाईंनी बजावलं होतं. "लोकांची नावं भिंतीवर टांगायची नसतात, ते बरं दिसत नाही. गोड काय ते विचारा." ओंकार करंजी म्हणे आणि तेजल घूघरा म्हणे, दोघं भांडली, मग दोन्ही बशीत शेजारी ठेवल्यावर गप्प झाली. त्याला केशरी रंग ठरला, केशराचा. शिरखुर्म्याला रंग शबनमने निवडला. शबनम चाळीत राहणारी, क्लबातली सगळ्यांत धिटुकली. ती म्हणाली, "हरा. ऊपर पिस्ता होता है ना, इसलिए." केकला गुलाबी. केकचं घर एकच होतं, नर्स असलेल्या मार्थाबेनचं.

पिस्त्याचा हिरवा. दुसरं काही आमच्या मनात नव्हतं. नावं न लिहिण्याचं सौजन्य बाईंनी पाळलं होतं, आणि त्या सौजन्यातूनच असा नकाशा तयार झाला होता की तो वाचायला अक्षरओळखही लागू नये. हे बाईंना कळलं ते प्रदर्शनात, त्या बोटामुळे. मी खुर्च्यांमागून त्यांचा चेहरा पाहत होते. बोट चाळीपाशी रेंगाळलं तेव्हा त्यांच्या तोंडातलं शिंग चघळणं थांबलं.

ते बोट किरीटभाईंचं. ते शाळेच्या ट्रस्टींचे मेहुणे. आमच्या भागातल्या सोसायट्यांची कसलीशी समिती चालवायचे. समिती काय करते ते कुणाला नीट माहीत नव्हतं, पण तिच्या मोटरसायकली पुष्कळ होत्या. शाळेला कॉम्प्युटर तेच देणार होते. बोलणं अतिशय गोड. प्रदर्शनात त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक पेन्सिल वाटली, मग बाईंना म्हणाले, "बे दिवस माटे आपो. अलकापुरीमां मोटी झेरॉक्स कढावी लईए." दोन दिवस द्या, मोठी झेरॉक्स काढून घेतो.

"कशाला ने, भाई?"

"सेफ्टी माटे. आपल्या एरियात कोण राहतं, माहिती असलेली बरी." हे शेवटचं त्यांनी मराठीत म्हटलं, बडोद्यातले गुजराती सहज बोलतात तसं, आणि हसले.

त्या वर्षी शहरातली हवा बदलत होती. काय झालं होतं असं विचाराल तर काहीच झालं नव्हतं. पालक मुलांना न्यायला लवकर यायला लागले होते. वडील रिफायनरीच्या बसमधून उतरले की कोपऱ्यावर न रेंगाळता घरात यायचे आणि बातम्या लावायचे. पानाच्या टपरीपाशी माणसं आवाज खाली करून बोलायची आणि आम्ही मुली जवळून गेलो की क्रिकेटवर यायची. आई म्हणाली, "अंधाराच्या आत घरी ये." मी तशीही अंधाराच्या आतच घरी असायचे.

प्रदर्शनानंतर नकाशा क्लबाच्या खोलीत परत आला. बाईंनी तो भिंतीवर लावला नाही, गुंडाळून कपाटावर ठेवला. मॅडमनी दोनदा निरोप पाठवला, किरीटभाईंना नकाशा द्या. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, उत्तर दिशा दाखवायची राहिलीय. दुसऱ्यांदा म्हणाल्या, गोंद सुटलाय. मग मॅडम स्वतःच आल्या.

"बाई, मुलांच्या चित्राचं एवढं काय? त्यांनी शाळेसाठी इतकं केलंय."

"फाडून टाकते," बाई म्हणाल्या.

"असं करू नका. त्यांनी ट्रस्टींना सांगितलंय. पुढच्या आठवड्यात घ्यायला येतील." मॅडम दाराशी थांबल्या. त्या वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. दोन्ही चेहरे लांबून सारखे दिसतात. "आणि फाडलात तर ते मुलांना विचारतील. त्यापेक्षा कागद गेलेला बरा ने."

ते खरं होतं, आणि बाईंना ते लागलं. कारण तो नकाशा कागदावर होता त्याहून जास्त मुलांच्या डोक्यात होता, आणि तिथे तो बाईंनीच नेऊन ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी तेजलने सहज सांगितलं, "बाई, काल मोटरसायकलवाल्या अंकलनी मला विचारलं, तुमच्या नकाशातली लीलां घरं कुठली गं? चॉकलेट पण देत होते." गुजरातीत लीलां म्हणजे हिरवी.

"मग?"

"मी म्हटलं, बाई म्हणतात, पायाने गेल्याशिवाय कळत नाही. तुम्ही जाऊन बघा."

सगळी मुलं हसली. बाईंनी डबा उघडून तिला दोन मुठी शिंग दिली. काही दाणे खाली सांडले.

त्याच आठवड्यात डोळे मिटून चालण्याचा खेळ होता. हा बाईंचा जुना खेळ. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, बाकीच्यांनी मागे यायचं, आणि त्याने नुसत्या वासावरून गल्ली ओळखत जायचं: पिठाची घंटी म्हणजे गिरणी, इस्त्रीवाला, बेकरी, गाईंचा गोठा. त्या दिवशी पाळी शबनमची होती. ती हात पुढे करून भराभरा निघाली. घंटी बरोबर ओळखली, इस्त्री ओळखली. मग मध्येच थांबली. नाक वर करून इकडे वळली, तिकडे वळली.

"यहाँ बेकरी होनी चाहिए," ती म्हणाली.

बेकरी तिथेच होती. शटर खाली होतं, त्याला नवं कुलूप होतं. भट्टी थंड असल्यामुळे वास नव्हता. बेकरीवाले नानखटाईचे पत्रे आत घेऊन कधी गेले, कुणी पाहिलं नव्हतं. शबनमने रुमाल सोडला, शटरकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाँव गए होंगे." मग कुणी खेळ पुढे नेऊ या म्हणालं नाही.

परत येताना ओंकार हमीदाचाचींच्या घरापाशी ओरडला, "बाई, पाटी नाहीये!" हमीदाचाची शिवणकाम करायच्या, माझे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवलेले. त्यांच्या दाराशेजारी नावाची पाटी होती तिथे भिंतीचा एक फिकट चौकोन उरला होता आणि स्क्रूची भोकं. मुलांनी सवयीने वह्या काढल्या.

"हे काढायचं नाही," बाई म्हणाल्या.

मुलं बघतच राहिली. काहीतरी काढायचं नाही, असं बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं. ओंकार म्हणाला, "पण तुम्हीच म्हणता ने, दिसतं ते गाळायचं नाही?"

बाई छत्रीच्या टोकाने मातीत रेघा मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. गाळायचं नाही. उलट आपलंच काहीतरी गाळलं गेलंय. उद्या सगळ्यांनी या. अश्विनी, रंग भरपूर आण."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी नकाशा कपाटावरून काढला आणि जमिनीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर दगड. मुलं भोवती पालथी पडली.

"ताट कुठून निघतं ते आपण काढलं," बाई म्हणाल्या. "कुठे पोचतं ते काढलंच नाही. मग नकाशा अर्धा झाला ने? कुणाकडे काय निघतं ते राहू दे. कुणाकडे काय खाल्लं जातं? खरं सांगायचं. खोटा एक ठिपका नको."

मग तेजल म्हणाली, "बाई, शिरखुर्मा आमच्याकडे पण येतो."

"खाता?"

"मम्मी म्हणते, दूधच आहे, चालतं. पप्पा सगळ्यांसमोर नाही म्हणतात. मग किचनमध्ये जाऊन दोन वाट्या."

"मग लावा हिरवा."

"किती?"

"दोन वाट्यांएवढा."

त्यानंतर खोलीत जो गोंधळ झाला तो मी विसरणार नाही. "आमच्याकडे पण!" "आम्ही तर चाचीकडे जाऊनच खातो!" शबनम सांगत होती, "करंजी तो हमारे यहाँ इतनी आती है कि अब्बू को ॲसिडिटी हो जाती है," आणि स्वतःच्या घरावर ब्रश भरभरून केशरी चढवत होती. मार्थाबेनचा केक कुणाकडे गेला नव्हता? गुलाबी रंग गल्लीभर सांडला. एका मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, आमच्याकडे हिरवं ताट येतं पण आजी ते कामवालीला देते. बाई म्हणाल्या, "मग तुमच्या घरावर नको. कामवाली कुठे राहते? तिथे लावा." तोही ठिपका योग्य जागी गेला. मी बाटल्या भरून देत होते. हिरवा संपला तेव्हा निळ्यात पिवळा मिसळून दिला.

एक घर माझ्यासमोर होतं, कोपऱ्यावरचं. दाराशी तुळशीची कुंडी काढलेली, घर केशरी. बाईंनी छत्रीचं टोक त्याच्याजवळ टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दर ईदला हमीदाचाची आमच्याकडे पितळी डबा पाठवायच्या आणि वडील म्हणायचे, आधी अश्विनीला द्या, नाहीतर मी उरवणार नाही. मी ब्रश घेतला. बाई पुढे सरकल्या.

संध्याकाळपर्यंत रंगांत रंग मिसळून सगळी गल्ली एकाच रंगाची झाली, ओल्या मातीच्या. कुठलं घर कुठलं, ते कुणालाच सांगता येईना. मुलं थोडी हिरमुसली. नकाशा कुरूप झाला होता.

"चालेल," बाई म्हणाल्या. मग, मी प्रथमच ऐकलं, त्या "पुढे?" म्हणाल्या नाहीत.

निघताना त्यांनी मुलांना जवळ घेतलं. "कुणी विचारलं की आपल्या नकाशात हिरवी घरं कुठली, तर काय सांगाल?"

"सगळीच!" मुलं ओरडली.

"खरं आहे का खोटं?"

"खरं!"

मला वाटलं, बाईंनी जिंकलं. बाईंना तसं वाटलं नव्हतं. ताटल्या धुताना त्या म्हणाल्या, "मुलं सुटली. मोठ्यांचं तसं नसतं, अश्विनी. मोठ्यांना एकेकट्याला गाठून विचारतात."

किरीटभाई आले ते भर दुपारी, मुलं वर्गात असताना. मॅडम त्यांच्याबरोबर होत्या. मागे दोन जण बाहेर व्हरांड्यात थांबले. मी ब्रश वाळत घालत होते. बाईंनी न विचारताच नकाशा टेबलावर उलगडला.

किरीटभाई आधी हसले. मग वाकून पाहिलं. "आ शुं कर्युं, बेन?" हे काय केलंत?

"पुरा केला, भाई. तुम्ही पाहिलात तो अर्धा होता."

"मारे तो पेलो ज जोइतो हतो." मला तोच हवा होता.

"तो आता नाही."

किरीटभाईंनी नकाशाच्या एका कडेवर बोट टेकवलं, उचललं, बोटाला काही लागलं का ते पाहिलं. रंग वाळला होता. ते मॅडमना म्हणाले, कॉम्प्युटर सोमवारी येतायत, खोली रिकामी पाहिजे. मॅडम जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बाई, मग सोमवारपासून..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी त्यांना पुरं करायला लावलंही नाही.

"बेस," बाई म्हणाल्या. त्यांनी शिंगदाण्यांचा डबा पिशवीत टाकला, छत्री घेतली. माझ्याजवळून जाताना थांबल्या नाहीत, फक्त ओल्या ब्रशांची बरणी उन्हातून सावलीत सरकवली.

त्या दुपारनंतर मी त्यांना पाहिलं नाही. त्या भाचीकडे इंदूरला गेल्या असं पुढे कुणी सांगितलं. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ते बडोद्यात काढले त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळायचं नाही. एवढंच लिहिते की आज आमच्या गल्लीत ईदला एकही ताट निघत नाही. हमीदाचाची शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या. आईने त्यांचा पितळी डबा बरेच दिवस साखर भरून ठेवला होता.

पण त्या दुपारी हे काही घडलेलं नव्हतं. मी खिडकीतून बाईंना मैदान ओलांडताना पाहत होते. ऊन रणरणत होतं आणि छत्री मिटलेलीच होती. फाटकातून उजवीकडे वळलं की बसचा स्टॉप. बाई डावीकडे वळल्या, गल्लीत. पहिल्या हिरव्या दारापाशी, भिंतीवरच्या त्या फिकट चौकोनापाशी त्या थांबल्या आणि छत्री उलटी धरून मुठीने दार ठोठावलं. दार उघडलं नाही. त्यांनी पुन्हा ठोठावलं. थांबल्या. पुन्हा. भर दुपारच्या शांततेत तो लाकडावर लाकडाचा आवाज खिडकीपर्यंत येत होता, आणि खोलीतल्या सगळ्यांनाच तो ऐकू येत होता.

किरीटभाई माझ्याकडे वळले. आवाज तसाच गोड.

"बेटा, तुं तो अहीं ज रहे छे ने? लीलां घर कयां कयां छे, जरा बताव ने." तू तर इथेच राहतेस ना, हिरवी घरं कुठली, जरा सांग.

त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. व्हरांड्यातल्या दोघांपैकी एक जण दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. माझ्या हातातल्या ब्रशातून पाणी ठिबकत होतं. बाहेर छत्रीची मूठ पुन्हा एकदा दारावर वाजली.

मला त्यांच्या भाषेत उत्तर देता आलं असतं. मी मराठीत म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"कोपऱ्यावरचं. दाराशी तुळस आहे ते. लिहून घ्या, ते आमचं आहे. आमचं घर हिरवं आहे."